उत्तरेकडच्या तीन विहिरी

“तुम्हाला कोणी सांगितलं?” वसीलानं सभागृहाच्या दारातच विचारलं.

आईच्या हातात मक्रूडचं, खजूर भरलेल्या मिठाईचं, ताट होतं. मागे बर्काहूम मावशी उभी होती. “शेजारची मुलगी इथंच शिकते. भिंतीवरच्या सूचनेत तारीख वाचली तिनं. तू तर गुरुवार म्हणाली होतीस,” आई म्हणाली.

“पदवी काय लपवायची गोष्ट आहे का गं?” मावशी म्हणाली. “गावाहून चार तास बसचे धक्के खाल्ले मी.”

वाळवंटातल्या वार्गला शहराच्या विद्यापीठात जलविज्ञानाचं वसीलाचं हे शेवटचं वर्ष होतं. चार माणसांपुढे उभं राहिलं की तिचा आवाज फुटत नसे. जूनमध्ये तापाचं निमित्त करून तिनं प्रबंधाची तोंडी परीक्षा टाळली होती. आज बोलली नाही तर वर्ष फुकट जाणार होतं. ती फजिती घरच्यांनी पाहू नये म्हणून तिनं खोटा वार सांगितला होता.

तिघे परीक्षक बसले. अध्यक्ष बूझियान सरांनी तिचं नाव, वडिलांचं नाव आणि प्रबंधाचा विषय गंभीरपणे वाचला. वसीला मान खाली घालून उभी राहिली.

पदवी जाहीर झाली असं समजून मावशीनं लग्नात देतात तशी, जीभ हलवत आनंदाची लांबलचक किलकारी दिली. मागच्या बाकांवर हशा पिकला.

“अगं मावशी, थांब!” वसीलाचा आवाज समोरच्या माइकमधून सगळीकडे गेला. “अजून सुरुवातही नाही झाली.”

“मग ते नाव कशाला वाचलं?”

“ओळख करून दिली.”

“मग बोल की! आपली विहीर खारट का झाली, तेवढं सांग.”

बूझियान सरांनी हातानंच चालू द्या अशी खूण केली.

वसीलानं कागद बाजूला ठेवला. “खजुरांना दिलेलं पाणी उन्हानं उडून जातं, मावशी. मीठ मागे राहतं. पुढच्या पाण्याबरोबर ते खाली झिरपतं.”

“म्हणजे आमचंच पाणी आम्हाला परत?”

“हो. मीठ घेऊन.”

मग तिनं दोन हिवाळे मोजलेल्या तीस विहिरींची आकडेवारी मांडली. घड्याळाकडे तिचं लक्षच गेलं नाही.

“उत्तरेकडच्या तीन विहिरी मात्र गोड आहेत,” एक परीक्षक म्हणाल्या. “त्या का?”

“ठाऊक नाही,” वसीला सरळ त्यांच्याकडे पाहत म्हणाली. “खाली चिकणमातीचा थर असेल असं वाटलं होतं. सापडला नाही.”

“ठाऊक नाही म्हणतेय ही!” आई मावशीच्या कानाशी लागली. “नापास करतील ना?”

बूझियान सरांनी पेन खाली ठेवलं. “मग शोधणार कसं?”

वसीला फळ्याकडे वळली आणि तिनं तीन गोल काढले. सरांना तिथून नीट दिसेना. त्यांनी आपली खुर्ची उचलली आणि पहिल्या बाकापाशी, मावशीच्या शेजारी नेऊन ठेवली.