पिल्लू कुणाच्या हाती चालतं

घड्याळजी म्हणजे सख्ख्या आईने दिलेलं दूधही हुंगून पिणारा माणूस. वीस वर्षं श्वान प्रदर्शनांत तो कडेच्या खुर्चीवरून बघत आला होता. आता साठीला टेकल्यावर त्याने मनावर घेतलं, की एकदा तरी आपण स्वतः कुत्रा घेऊन रिंगणात धावायचं. त्यासाठी नवे बूटही घेऊन ठेवले होते. राहिला होता फक्त कुत्रा.

बायकोला घेऊन तो कुत्रेवाल्या बाईंकडे आला. बाईंनी चार महिन्यांचं काळंभोर पिल्लू टेबलावर उभं केलं.

"एवढं चांगलं, मग अजून विकलं कसं नाही?"

"स्वतःसाठीच ठेवलं होतं. पण गुडघे गेले हो माझे."

इथेच पाणी मुरतंय, घड्याळजीला वाटलं. त्याने डोळ्याला भिंग लावून पिल्लाचे दात मोजले. रंग उतरतो का म्हणून ओला रुमाल पाठीवर घासला. बाईंनी पिल्लाची आई दाखवली, तर म्हणतो, "हीच आई कशावरून?"

"अहो, पुरे!" बायको शरमेने अर्धी झाली.

बाई मात्र शांत. "जरा चालवून बघा," म्हणाल्या.

घड्याळजीने पट्टा धरला. पिल्लू दोन पावलं गेलं आणि पायांत शेपूट घालून बसलं.

"बघा! भित्रं आहे!"

बाईंनी पट्टा त्याच्या बायकोच्या हातात दिला. पिल्लू उठलं, मान ताठ केली आणि सगळं अंगण असं डौलात फिरून आलं की घड्याळजी बघतच राहिला. पुन्हा त्याने पट्टा घेतला. पुन्हा बसकण.

"भाऊ, प्रदर्शनात परका परीक्षक दात बघायला याच्या तोंडात बोटं घालणार," बाई म्हणाल्या. "तेव्हा हा आपल्या माणसाकडे बघतो. तुम्हीच धास्तावलेले, तर हा कुणाच्या जिवावर उभा राहील? तुम्हाला नाही देणार मी. ताईंना देते. पण रिंगणात धावायचं त्यांनीच."

"तुमचं दोघींचं आधीच ठरलं होतं वाटतं?"

बायकोने पिल्लाचा पट्टा सोडवून टेबलावर ठेवला. "चला घरी. हौस तुमची, मी धावून काय करू?"

पिल्लू तिच्या मागे निघालं. हे गेलं तर असं दुसरं मिळणार नाही, हे घड्याळजीला पक्कं कळत होतं.

"थांब," तो म्हणाला. मग बाईंकडे वळला. "हिच्याच नावावर करा. मी बसेन कडेला."

बाई कागद आणायला आत गेल्या. बायकोने नवऱ्याकडे डोळे बारीक करून पाहिलं.

"खरं सांगा, यात काय डाव आहे तुमचा?"

डाव काहीच नव्हता. पण हे तिला कसं पटवायचं, ते काही त्याला सुचेना.