कोणाच्या डावीकडची?

खड्ड्यात दोन केबली शेजारी शेजारी निजल्या होत्या, जुळ्या बहिणींसारख्या. दोघी काळ्या, दोघी दंडाएवढ्या जाड. एक मेलेली, म्हणजे वीज काढून घेतलेली. तिला कापून नवा जोड द्यायचा होता. दुसरीत तेहतीस हजार व्होल्ट. मुळात अंगावर बघून कळेल अशी खूण एकीवरही नाही; फक्त डावीला 'मेलेली' अशी चिठ्ठी बांधलेली.

खड्ड्यात उतरलेल्या मजूर लंबूने चिठ्ठीवालीवर करवत टेकवली, तेवढ्यात मिस्त्री गरजला, "हात काढ!"

वर काठावर इंजिनिअर उभा होता. साइटवर साहेब, घरी मिस्त्रीचा जावई.

"मामा, किती वेळा सांगू? डावी मेली. उपकेंद्राने लिहून दिलंय."

"कोणाच्या डावीकडची?"

"म्हणजे काय?"

"त्यांनी लिहिलं ते उपकेंद्राकडे तोंड करून. तुम्ही कुठे तोंड करून चिठ्ठी बांधलीत, जावईबापू?"

जावई हसला. "डावी ती डावी. केबल ओळखायचं यंत्र मागवायचं म्हणजे तासभर जाईल. उगाच कीस पाडू नका."

मिस्त्रीच्या कानशिलात आग पेटली. तीस वर्षं त्याने केबलीची साल सोलली होती ती लेकीची वेणी उलगडावी तशा हलक्या हाताने. आणि हा बुटाला माती न लावता मरण वाटतोय!

"मग या खाली. धरा करवत."

"ते माझं काम नाही."

"मग मरायचं काम लंबूचं होय?"

"लंबू आहे म्हणून सगळ्यांच्या आधी वर पोचू का?" लंबू हसला खरा, पण करवत त्याने खाली ठेवली.

मिस्त्रीने स्वतःच फोन लावून यंत्र मागवलं. तासाने आलं. उपकेंद्रातून मेलेल्या केबलीत इशारा सोडला गेला. ज्या केबलीवर यंत्र बोलेल ती मेलेली. डावीवर ठेवलं, यंत्र गप्प. उजवीवर ठेवलं आणि ते टिवटिव करू लागलं.

लंबूने करवत उचलून खड्ड्याबाहेर फेकली.

जावयाचा चेहरा पांढराफटक. जवळ येऊन हळूच म्हणाला, "मामा, घरी सांगू नका हं."

"घरी?" मिस्त्रीचा आवाज फाटला. "ह्या लंबूची बायको विधवा झाली असती, आणि तुम्हाला घरची काळजी?"

त्याने पुन्हा फोन कानाला लावला.

"सुरक्षा अधिकारी का? तक्रार लिहून घ्या. चिठ्ठी जिवंत केबलीला बांधली होती. कोणी? इंजिनिअरने." त्याने जावयाकडे रोखून पाहिलं. "हो, माझाच जावई. लिहा."