चेअरमनची लाल गाडी आणि नवा कॉम्प्युटर

आमच्या गावच्या दूध संस्थेचे चेअरमन आनंदराव यांना जगात एकच गोष्ट मनापासून जमायची, ती म्हणजे कॉम्प्युटरवर मोटार चालवणं. खरी मोटार त्यांनी एकदा कापूरहोळच्या ढाब्यावर मांडलेल्या बाजेवर घातली होती. बाजेवर कुणी नव्हतं म्हणून निभावलं. तेव्हापासून घरचे त्यांच्या हाती चावी देत नाहीत.

मी गोरख. संस्थेत दुधाची फॅट बघतो आणि नोंदी कॉम्प्युटरवर घालतो, त्यामुळे जे झालं ते माझ्या नाकासमोर झालं.

आमचा पहिला कॉम्प्युटर फार वर्षांपूर्वी आला. विकणाऱ्यानं बोटांना सवय व्हावी म्हणून त्यात एक मोटारीचा खेळ घालून दिला होता. रस्त्यावर समोरून ट्रक येतात, आपण बाणाची बटणं दाबून लाल गाडी वाचवायची. सवय व्हायची होती माझ्या बोटांना, झाली चेअरमनना. दूध टेम्पोत चढलं की ते खुर्ची ओढायचे आणि चहा गार होईपर्यंत ट्रक चुकवायचे. खेळ संपला की पडद्यावर नंबरांची यादी यायची. पहिलं नाव आनंदराव, दुसरं आनंदराव, आणि असंच खालपर्यंत. एखाद्या संचालकाला खेळायला बसवलंच, तर तो बिचारा दुसऱ्याच ट्रकला गाडी ठोकून "आपल्याला न्हाई बा जमत" म्हणत उठायचा. आपल्याकडे चेअरमनला खेळात हरवत नाहीत. हरवलं तर पशुखाद्याची पोती उशिरा मिळतात.

दोन हजार तीन सालच्या उन्हाळ्यात त्या कॉम्प्युटरमध्ये पाल शिरली. फट्‌ असा आवाज झाला, पाल गेली आणि कॉम्प्युटरही गेला. संस्थेनं नवा घेतला. चांगला काळाभोर. बसवायला आलेला माणूस म्हणाला की हा जुन्यापेक्षा कितीतरी पट वेगवान आहे. यादी पालीबरोबर जळाली, पण खेळाची मूळ फ्लॉपी चेअरमननी घरच्या देव्हाऱ्यात, खंडोबाच्या टाकाशेजारी जपून ठेवली होती.

मासिक सभेत संचालक मानसिंगरावांनी नेमकं तिथंच बोट ठेवलं. मानसिंगरावांचा डोळा गेली कित्येक वर्षं चेअरमनच्या खुर्चीवर होता. ते म्हणाले, "चेअरमन, जुन्या मशीनवर कुणीबी चालवील. आता नव्या मशीनवर पयला नंबर आणून दावा."

"दावतो की! मशीनच्या उद्घाटनाच्या दिवशी, समद्या गावाम्होरं दावतो," चेअरमन टेबलावर हात आपटून म्हणाले. "पयल्या नंबरला माझं नाव न्हाई आलं तर ही खुर्ची सोडली."

टाळ्या पडल्या. चेअरमन घरी जाऊन फ्लॉपी घेऊन आले, तिला हळदकुंकू लागलेलं होतं ते धोतराच्या सोग्यानं पुसलं आणि मला म्हणाले, "लाव."

मी लावली. खेळ सुरू झाला. सुरू झाला असं म्हणायचं, पण दिसलं काहीच नाही. लाल गाडी आली, काहीतरी चमकलं, आणि पडद्यावर गाडी फुटलेली. पुन्हा लावला. पुन्हा फुटली. चेअरमनचं बोट बटणाला टेकायच्या आत ते मेलेले असायचे. सकाळभर ते असे मरत राहिले, आणि खरं सांगतो, मला हसू आवरत नव्हतं. मग त्यांचा चेहरा बघितला आणि हसू आपोआप गेलं. खुर्ची जायची वेळ आली होती आणि ती त्यांनी स्वतःच्या तोंडानं घालवली होती.

"लतीफला आण," ते म्हणाले.

लतीफचं दुकान कापूरहोळच्या फाट्यावर. ट्रकवाल्यांचे टेप, ढाब्यांचे टीव्ही आणि अलीकडे कॉम्प्युटर, असं सगळं तो दुरुस्त करतो आणि दुरुस्त करताना गिऱ्हाइकाची थट्टाही करतो. त्यानं एकदा खेळ बघितला आणि लगेच म्हणाला, "चेअरमन, ह्यो खेळ मशीनच्या पायानं पळतुया. जुनं मशीन लंगडं हुतं म्हणून तुमची गाडी सावकाश चालायची. आता मशीन तरणं हाय."

"मग त्याला लंगडं कर."

"करतो. एक छोटा प्रोग्राम हाय, त्यो मशीनला दाबून धरतो. खेळायच्या येळंला चालू करायचा, झालं की बंद करायचा."

इथं चेअरमननी आवाज खाली आणला. खेळायच्या आधी कसलातरी प्रोग्राम चालू करताना मानसिंगनं बघितलं तर? सगळ्या गावात बोंब करील की चेअरमननं मशीनचे पाय बांधले म्हणून जिंकला. तेव्हा प्रोग्राम असा बसवायचा, की बटण दाबून कॉम्प्युटर चालू केला की तो आपोआप चालू झाला पाहिजे आणि दिवसभर तसाच राहिला पाहिजे. कुणाला कळायलाच नको.

"मग दुधाच्या नोंदीबी लंगडत्याल," लतीफ म्हणाला.

"लंगडू दे. उद्घाटनापातूर काय हुतंय!"

आता उद्घाटन कधी, तर दूध संघाच्या मॅडमना वेळ मिळेल तेव्हा. आमच्याकडे वस्तू आधी वापरतात आणि उद्घाटन पाहुण्यांच्या सवडीनं होतं. गावची पाण्याची टाकी उद्घाटनाआधीच गळायला लागली होती.

लतीफनं मशीन दाबलं. चेअरमन खेळले आणि म्हणाले, अजून जरा हळू. लतीफनं अजून दाबलं. दोन दिवसांनी पुन्हा निरोप गेला, अजून जरा. जुन्या मशीनचा वेग त्यांना आठवत नव्हता, आठवत होतं ते फक्त जिंकणं. शेवटी लाल गाडी अशी चालायला लागली की समोरचा ट्रक येईपर्यंत माणसानं तंबाखू मळून घ्यावी. तेव्हा कुठं चेअरमनचं समाधान झालं.

इकडे सकाळची रांग मात्र दारातून पिंपळापर्यंत गेली. मी सभासदाचा नंबर दाबायचो आणि पडदा नुसता माझ्याकडे बघत बसायचा. मग एकेक अक्षर उगवायचं. मग पावती छापणारं मशीन कण्हत सुरू व्हायचं. तोवर पुढचा माणूस किटली खाली ठेवून बिडी पेटवायचा. संघाचा टेम्पो काही आमच्यासाठी थांबत नाही, त्याला पुढं किकवीकडची गावं घ्यायची असतात. तो हॉर्न वाजवून निघाला की रांगेतले मागचे आपापलं दूध घेऊन घरी परत. सगळे नव्या कॉम्प्युटरला शिव्या द्यायचे. चेअरमनही द्यायचे, आणि सगळ्यांपेक्षा मोठ्यानं द्यायचे.

सगळ्यात जास्त हाल ठकुबाईंचे. गावच्या वरच्या वाडीत एकट्या राहतात, एक म्हैस, चंद्री नावाची, आणि तिच्यावरच सगळं घर. उतार उतरून येईपर्यंत त्यांचा नंबर मागे पडायचा. दोनदा टेम्पो चुकला आणि त्यांचं दूध नासलं. दुसऱ्या वेळी त्यांनी ते संस्थेच्या पायरीशीच ओतलं आणि चेअरमनना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "आमचं जुनं खोकं बरं हुतं. पाल मेली ती सुटली." चेअरमननी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. मला त्या वेळी त्यांचा फार राग आला, पण पगार त्यांच्याच सहीनं निघतो.

अखेर मॅडमना वेळ मिळाला. अंजुम मॅडम दूध संघाच्या अधिकारी, भोरच्याच, शांत बोलणाऱ्या. मांडव घातला, कॉम्प्युटरला झेंडूचा हार घातला, उंदराला म्हणजे माऊसला हळद लावली, नारळ फोडला. लतीफनं आदल्या दिवशी यादी कोरी करून ठेवली होती, म्हणजे पहिलं नाव ताजं ताजं सगळ्यांसमोर उमटावं. चेअरमन नव्या टोपीत होते. मानसिंगराव पहिल्या रांगेत मांडी घालून बसले होते.

पण आपल्याकडे पाहुण्याच्या आधी कुणी ताटाला हात लावत नाही, तसा खेळालाही नाही. चेअरमननी खुर्ची ओढून म्हटलं, "मॅडम, पयला मान तुमचा. दोन ट्रक चुकवा, मग आमी हायच."

मॅडम हसल्या. "मला हे जमायचं नाही. शिवाय मी दूध घालत नाही. पहिला मान तुमच्या संस्थेतल्या सगळ्यात जुन्या सभासद बाईंना द्या."

त्या म्हणजे ठकुबाई. लोकांनी टाळ्या वाजवल्या, चेअरमननाही वाजवाव्या लागल्या. त्यांना भीती वाटायचं कारणच नव्हतं. ठकुबाईंनी आयुष्यात दिव्याचं बटण सोडून दुसरं बटण दाबलं नव्हतं. चेअरमननी स्वतः त्यांना खुर्चीवर बसवलं आणि मी बटणं दाखवली. ट्रक इकडून आला की तिकडं, तिकडून आला की इकडं.

"एवढंच व्हय?" ठकुबाई म्हणाल्या.

आणि खरंच तेवढंच होतं. ट्रक लांबून सावकाश यायचा. ठकुबाई पदर सारखा करायच्या, डोळ्यावर हात धरून ट्रककडे बघायच्या, मग बटण दाबायच्या आणि पुढचा येईपर्यंत मॅडमना विचारायच्या, माहेर कुठलं, मुलं किती. चहा आला तो त्यांनी दोन ट्रकांच्या मध्ये बशीत ओतून प्यायला. शिरा वाटून झाला, मांडवातली पोरं पेंगली. चेअरमन आधी हसत होते, मग टोपी काढून वारा घ्यायला लागले. गुणांना चारच घरं होती. ती चारही नवांनी भरली आणि खेळ आपला आपणच थांबला. पडद्यावर पहिला नंबर आणि पुढं नावाची रिकामी जागा.

"आज्जी, नाव सांगा," मी म्हणालो.

"कशाचं?"

"पयल्या नंबराचं."

ठकुबाईंनी जरा विचार केला. "मग चंद्रीचं घाल. दूध ती देती, मी नुसती किटली वाहते."

मी मॅडमकडे बघितलं. मॅडम म्हणाल्या, "घाला." मी इंग्रजीत चंद्री असं घातलं.

मग चेअरमन बसले. जीव तोडून खेळले, एकही ट्रक लागू दिला नाही, आणि त्यांचीही चारही घरं नवांनी भरली. पण खेळाचा नियम आमच्या दुधाच्या रांगेसारखाच निघाला, माप सारखं असेल तर आधी आलेला वर. पहिली चंद्री, दुसरे आनंदराव.

मानसिंगराव उठले. "शबुद पाळा. खुर्ची सोडा."

"कुणासाठी सोडू?" चेअरमन ओरडले. "म्हशीसाठी?"

"ती येळंवर दूध तरी देती," मागून कुणीतरी म्हणालं, आणि मांडव हसून कोसळायचा राहिला. मॅडमनी तोंडावर रुमाल धरला. खुर्चीचं सभेत बघा, म्हणाल्या आणि गाडीत बसल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी चेअरमन मला घेऊन वरच्या वाडीला चढले. त्यांच्या मनानं घेतलं होतं, की म्हैस विकत घेऊन आपल्या गोठ्यात आणली की तिचा नंबर आपलाच. जसं शेत घेतलं की विहिरीतलं पाणीही आपलं.

चंद्री गोठ्यात रवंथ करत होती. ठकुबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "देते की. पर एक सांगते. ती परक्या हाताला पान्हा सोडायची न्हाई. धार तुमी सोता काढायची, सोता उतार उतरायचा आन् सोता रांगंत हुबं ऱ्हायचं. टेम्पो दोनदा चुकू द्या, मग बोला माझ्याशी."

चेअरमन चंद्रीकडे बघत राहिले. मग आम्ही उतार उतरून आलो. संस्थेच्या पायरीशी अजून दुधाचा पांढरा डाग होता, तो त्यांनी ओलांडला आणि मला म्हणाले, "लतीफला बोलव. त्यो प्रोग्राम काढून टाक म्हणावं."

लतीफ दुसऱ्या दिवशी सकाळीच आला आणि त्यानं प्रोग्राम काढला. त्या दिवशी नंबर दाबायच्या आत नाव आलं, नावाच्या आत पावती. टेम्पोचा हॉर्न वाजला तेव्हा रांगेत कुणीच शिल्लक नव्हतं, सगळे रिकाम्या किटल्या घेऊन गप्पा मारत होते. मानसिंगरावांनी संधी साधली. आता आपला नंबर बघा म्हणून ते खेळायला बसले. काहीतरी चमकलं आणि गाडी फुटली. पुन्हा बसले, पुन्हा फुटली. लोक म्हणाले, जाऊ द्या मानसिंगराव, राहू द्या आहेत तेच चेअरमन. ते चडफडत उठले.

पडद्यावर फुटलेल्या गाडीच्या बाजूला यादी आली. पहिली चंद्री, दुसरे आनंदराव. ठकुबाई दारातच होत्या, त्यांना वाचता येत नव्हतं तरी त्या पडद्याकडे कौतुकानं बघत होत्या.

लतीफ चेअरमनच्या कानाशी लागला. "यादी पुसून टाकू का? एका बटणाचं काम हाय."

चेअरमननी पडद्याकडे बघितलं, मग फुटलेल्या लाल गाडीकडे, मग पुन्हा यादीकडे.

"नगं," ते हळूच म्हणाले. "माझा दुसराबी जाईल."