दोनदा परत आलेला पोपट

मी एक जुना पोपट आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून ठेवतो, माझा तुमच्यावर काडीचाही विश्वास नाही. राग मानू नका. काचेतून डोकावून "अय्या, किती गोड!" म्हणणारं कुणी दिसलं, की माझी मान आपोआप वाकडी होते. अशा गोड म्हणणाऱ्यांनीच मला दोनदा घरी नेलं आणि दोनदा पक्ष्यांच्या या दुकानात परत आणून टाकलं.

माझा जन्म याच दुकानाच्या मागच्या खोलीतला. दुकानदारकाकांनी चमच्याने कोमट खाणं भरवून मला वाढवलं. पुढे अंगावर राखाडी पिसं आली, शेपटी लालभडक झाली. येणारेजाणारे कौतुक करू लागले. मला वाटलं, जग असंच असतं.

पहिल्यांदा मला एका घड्याळजींनी नेलं. माणूस सज्जन, कधी आवाज चढायचा नाही. एकट्याने काम करून कंटाळा येतो म्हणून त्यांनी माझा पिंजरा थेट कामाच्या टेबलावर ठेवला. आता तुम्हीच सांगा, ज्याला कान लावून टिकटिक ऐकायची, त्याने पोपट आणावा? आम्ही सकाळ-संध्याकाळ ओरडणारच. त्यात समोर चकचकीत स्क्रू! बाहेर सोडलं की मी एकेक चोचीत धरून खाली टाकायचो आणि घड्याळजी टॉर्च घेऊन टेबलाखाली रांगायचे. शेवटी त्यांनी मला काकांच्या हवाली केलं. "पक्षी चांगला आहे हो," म्हणाले, "पण याला जरा गप्प बसायला शिकवा."

दुसरं घर हसरं होतं. आई, बाबा, शाळकरी मुलगी. मला हातावर घ्यायला तिघांची चढाओढ. पण नव्याची नवलाई संपली. रोज सकाळी तिघं घाईघाईने बाहेर पडायची, दाराला कुलूप लागायचं, आणि मी दिवसभर भिंतीकडे बघत बसायचो. आम्हा पोपटांना एकटेपणा सोसत नाही. मी माझ्या छातीची पिसं एकेक करून उपटली. बाबा मला घेऊन दुकानात आले आणि म्हणाले, "याची पिसं गळतात. बदलून द्या." जणू मी गळका नळ! इतकं वाईट मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

तेव्हापासून काकांनी नियमच केला. ज्याला पोपट हवा, त्याने आधी आठवडाभर रोज येऊन पिंजऱ्याजवळच्या स्टुलावर बसायचं आणि आपलं नेहमीचं काम करायचं. बहुतेक लोक दुसऱ्या दिवशी फिरकत नाहीत.

एक दिवस एक मावशी आल्या, सोबत त्यांची भाची. मावशींचा उभा जन्म टेलिफोन ऑफिसात बोलण्यात गेलेला, आता घरात ऐकायला कुणी नाही. "बोलतो का?" असं त्यांनी विचारलंच नाही. म्हणाल्या, "याला काय आवडत नाही?" मी लगेच सावध झालो. म्हटलं, कुठेतरी पाणी मुरतंय.

त्या रोज येऊन स्वेटर विणत, स्वतःशीच बडबडत बसायच्या. मी परीक्षा घ्यायची ठरवली. कानठळ्या बसतील असा ओरडलो. "माझ्या सासूबाई याहून मोठ्यांदा ओरडायच्या," म्हणाल्या आणि टाके मोजत राहिल्या. मी दाण्यांची टरफलं उडवली, त्यांनी झटकली. विणलेली बाही ओढून उसवली, तेव्हा मात्र "अरे मेल्या!" असं ओरडल्या आणि पुन्हा पहिल्यापासून विणायला बसल्या. माझा संशय आणखी वाढला. इतका सोशिकपणा कुणी फुकट दाखवतं का? तरी त्यांना यायला उशीर झाला की मला चैन पडेना. त्याचीच तर भीती वाटत होती. तिसऱ्यांदा परत येणं मला झेपलं नसतं.

आठवडा संपला. भाची म्हणाली, "चल मावशी, याला घेऊन निघू."

मावशी उठल्याच नाहीत. "भाऊ, हा अजून किती जगेल?"

"नीट सांभाळलात तर पंचवीस-तीस वर्षं सहज," काका म्हणाले.

"आणि मी सत्तरीची. माझं याच्याशी जमतं हो, पण माझ्यामागे याचं काय? पुन्हा इथेच आणून टाकतील ना? नको. मी नाही नेत."

"अगं, मी आहे ना! मी सांभाळेन की."

"असं सगळेच म्हणतात. तू बस आधी आठवडाभर." मावशींनी भाचीला खांद्याला धरून स्टुलावर बसवलं, डोळे पुसले आणि माझ्याकडे न बघता निघून गेल्या.

त्यांचा नकार मी सगळ्या बाजूंनी तपासून पाहिला. त्यात खोट सापडली नाही. ज्यांनी मला हौसेने नेलं त्यांनी माझा विचार केला नव्हता, आणि ज्यांनी केला त्या मला ठेवून गेल्या.

म्हणून सांगतो मित्रांनो, पोपटाचा रंग नंतर बघा, आधी आपलं घर बघा. तुम्हाला शांतता लागते का? दिवसा घरी कुणी असतं का? तुमच्यानंतर त्याला कोण बघेल? जमणार नसेल तर खुशाल 'नाही' म्हणा. आम्हाला ते चालतं.

भाची आता रोज येते. लॅपटॉप उघडून फोनवर तावातावाने बोलते. आधी मी ओरडलो की दचकायची. काल मात्र फोनवरच्या माणसाला म्हणाली, "थांबा हं, आमच्या पोपटाचं आधी होऊ द्या." उद्या तिचा आठवडा भरतो. ती 'नाही' म्हणाली तरी वाईट वाटून घ्यायचं नाही, असं मी सकाळपासून स्वतःला बजावतोय. पण खरं सांगू? मला जायचंय.