पट्टूची एकादशी

आमच्या आत्याला लोक सात्त्विक म्हणतात. म्हणोत बापडे. त्यांना तिच्याबरोबर एका स्वयंपाकघरात उभं राहावं लागत नाही.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची सख्खी बहीण चंद्रमती, आणि माझी सासूही तीच. आमच्या तंजावरच्या मराठी घरांत मामाची मुलगी आत्याच्या मुलाला द्यायची रीत आहे. त्या रीतीने मी रघोजीच्या गळ्यात पडले आणि आत्या माझ्या. लहानपणी मी तिला 'अगं आत्या' म्हणे, लग्नानंतर 'अहो' म्हणायला लावलं. पण डोकं फिरलं की अजून तोंडातून 'तू'च निघतं. गेल्या मार्गळीत, म्हणजे मार्गशीर्षात, ते फार वेळा निघालं, आणि त्याला कारण पट्टू.

पट्टू हा गिनीपिग. तमिळमध्ये पट्टू म्हणजे रेशीम. त्याच्या पाठीवरून एकदा हात फिरवलात तर नाव कसं पडलं ते विचारणार नाही. मी कॉलेजात वाणिज्य शिकवते. तिथली माझी मैत्रीण अखिला चेन्नईला गेली, तिथल्या घरमालकाला जनावर चालेना, म्हणून तिने हा माझ्या पदरात टाकला. जाताना बजावलं, "सौम्या, याचं पोट म्हणजे गिरणी आहे. ती बंद पडू द्यायची नाही. पुढ्यातलं गवत कधी संपता कामा नये. आणि रोज लेंड्या बघत जा. बरा आहे की नाही ते त्याच सांगतात."

तेव्हापासून मी रोज सकाळी लेंड्या बघते. हसा खुशाल. लांबट, भरीव, तपकिरी आणि सगळ्या सारख्या असल्या की माझा दिवस बरा जातो. बारीक झाल्या, कमी झाल्या की माझ्याच पोटात गोळा येतो. रविवारी तराजूत बसवून वजन. खायला कालव्याकाठचं गवत वाळवून, भाताचा पेंढा नव्हे, त्यात काही सत्त्व नसतं. मूठभर ताजी दूर्वा आणि ढोबळ्या मिरचीची एक चकती. भात नाही, दही नाही, आणि मुरुक्कू, म्हणजे आमची चकली, तर मुळीच नाही.

आत्या हे सगळं दारात उभी राहून बघायची. मी खाली वाकून लेंड्या निवडत असले की म्हणायची, "पोर झालं असतं तर त्याची दुपटी तरी एवढ्या मायेने बघितली असतीस का, कोण जाणे."

आम्हाला मूल नाही. हे वाक्य ती लोणच्यासारखं रोज ताटाच्या कडेला वाढते.

गेल्या कार्तिकात एकदा पट्टूच्या लेंड्या अचानक बारीक झाल्या. दोन दिवसांनी सुधारल्या, आणि पंधरवड्याने पुन्हा तेच. मला काय ते कळलं. म्हातारीला प्रत्येकाच्या तोंडात दहीभात कोंबायची खोड आहे. मी सरळ विचारलं, "आत्या, याला काय खायला घातलंत?"

"एक शीत घातलेलं नाही मी. देवाशपथ."

"मग हवेने झालं का?"

"तू वाढतेस ते बाधत असेल. घरचं अन्न सोडून गवताचा डॉक्टरी थाट!"

मी दह्याचं भांडं उचललं आणि माझ्या कपाटात कुलपात ठेवलं. आमच्या घरात दही कुलपात! आत्या दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तेवढे दोन दिवस घरात शांतता होती, हे मी नाकारणार नाही.

मग माझी परीक्षेची ड्यूटी नागपट्टिनमला लागली, एक रात्र राहायचं. निघताना रघोजीला सगळं समजावलं. तो बँकेत आहे, स्वभावाने गरीब, आणि सगळ्याला हो म्हणतो. मला हो म्हणाला. त्याच्या आईलाही हो म्हणाला असणार, पण ते मला नंतर कळलं.

परत आले ती द्वादशीची सकाळ होती. आदल्या दिवशी वैकुंठ एकादशी झालेली. आत्या दशमीच्या रात्रीपासून उपाशी, आता पारण्याला बसायच्या तयारीत. अंगावर सोवळ्याचं लुगडं, ज्याला जेवण होईतो कोणी शिवायचं नाही. समोर केळीचं पान, त्यावर हादग्याची भाजी आणि आवळ्याची चटणी. माझ्याकडे बघून चक्क हसली.

"बघ जा तुझं जनावर. काल किती स्वच्छ राहिलं. एक लेंडी नाही!"

मी पिशवी तिथेच टाकून आत धावले.

पिंजऱ्याची जमीन लख्ख होती. गवताची टोपली रिकामी. पट्टू कोपऱ्यात अंग आक्रसून बसलेला, केस उभे, पोट टम्म फुगलेलं. मी कोथिंबिरीची काडी नाकाशी धरली. एरवी माझ्या चपलांचा आवाज आला तरी शिट्ट्या मारणारा हा प्राणी, त्याने तोंड फिरवलं.

"याचं गवत कोठे गेलं?"

"काढलं," आत्या म्हणाली. "वैकुंठ एकादशीला घरात अन्न शिजलं नाही, मग तो एकटा का म्हणून चरेल? पाणी ठेवलं होतं."

"एकादशी? याला?"

"मग? घरचा आहे ना? मागच्या दोन एकादश्यांना लहान म्हणून दुपारपर्यंतच धरवली. तू कॉलेजातून यायच्या आत गवत परत ठेवलं की नाही? आता मोठा झाला. पुरी झेपते त्याला."

हे ती पुण्य सांगावं तसं सांगत होती हो! मी पंधरवडाभर दह्याला कुलूप लावत बसले आणि ही बाई त्याला उपास घडवत होती. काखेत कळसा म्हणतात तो हा. माझ्या डोक्यात सणक गेली.

"तू खाटीक आहेस, आत्या! खाटीक तरी एका घावात मारतो. तू याला उपाशी मारलंस. आणि वर देवाचं नाव घेतेस!"

रघोजी तोंडात ब्रश घेऊन धावत आला. "आई म्हणाली, एका दिवसाने काय होतंय..."

"तू गप्प बस. तुझं हो मी ऐकलंय." मग मी आत्याकडे वळले. "जेवा तुम्ही. बसा. तो मेला तरी चालेल, पारण्याची घटका टळायला नको."

हे बोलणं तिला लागणार हे मला ठाऊक होतं, म्हणूनच बोलले. पारणं वेळेत सोडलं नाही तर एकादशीचं फळ जातं, असं आमच्यात मानतात. आत्या उठली, पानावर ताट उपडं घातलं.

"चल. मीही येते. तुझ्या डॉक्टरणीलाच विचारते. एका दिवसाच्या उपासाने मेलेलं जनावर उभ्या जन्मात मी बघितलेलं नाही."

मला खोटं पाडायला ती सोवळ्यातच गाडीत येऊन बसली. ओरत्तनाडूच्या जनावरांच्या दवाखान्यापर्यंत रघोजी गाडी चालवत होता, मागे मांडीवर पट्टूची टोपली घेऊन मी, पुढे ती.

डॉक्टर लक्ष्मीप्रियाने पट्टूचं पोट चाचपलं, नळी लावून ऐकलं, पुन्हा ऐकलं. आत्याने तमिळमध्ये तोऱ्यात विचारलं, "एक दिवस खाल्लं नाही तर काय बिघडतं? माणसं राहत नाहीत?"

"माणसं राहतात, आजी. हा नाही राहू शकत," डॉक्टर म्हणाली. "पोटात गवत नसलं की याचं आतडं थांबतं. थांबलं की वायू धरतो, दुखतं, मग समोर ठेवलं तरी खात नाही. खात नाही म्हणून आतडं आणखी थांबतं."

"एका दिवसात?"

"एका दिवसात." तिने दोन इंजेक्शनं दिली, बिनसुईची पिचकारी आणि गवताच्या पिठाची पुडी माझ्या हातात ठेवली. "थोड्या थोड्या वेळाने हे पातळ करून भरवा. संध्याकाळपर्यंत लेंडी पडली तर वाचला म्हणायचं. नाही पडली तर..."

"मिळालं उत्तर?" गाडीत बसताना मी विचारलं. आत्या बाहेर भाताच्या शेतांकडे बघत राहिली.

रघोजी आम्हाला दारात सोडून बँकेत गेला. भरवायला दोन माणसं लागतात हे घरी आल्यावर कळलं, एक धरायला आणि एक पिचकारी मारायला. मी एकटी झटापट करत होते, निम्मं पीठ माझ्या पदरावर. आत्या समोर मांडी घालून बसली आणि ओटी पसरली.

"आण इकडे."

"सोवळ्यात?"

"आण म्हटलं ना!"

दिवसभर आम्ही भांडलो. मी म्हणायचे, "नीट धर, गाठोडं नाही ते." ती म्हणायची, "तू हळू घाल, ठसका लागेल त्याला." "मान वर कर." "तुझा हात बाजूला घे आधी." पारण्याची वेळ कधीच टळून गेली होती. पानावरचं ताट तसंच उपडं. तिचे हात कापायला लागलेले मी बघितले. पण 'जेवून घ्या' म्हटलं नाही. मला तिची दया आली नाही, खोटं का बोलू? माझा सगळा जीव त्या फुगलेल्या पोटात अडकला होता.

दिवेलागणीला मी पीठ कालवायला आत गेले होते, तेवढ्यात आत्याची आरोळी आली.

"सौम्ये! अगे, धाव!"

मेला, असं वाटलं. धावत बाहेर आले. आत्या ओटीकडे बोट दाखवत होती. तिच्या लुगड्यावर, निऱ्यांच्या मधोमध, एक लेंडी पडली होती. बारीक, सुकी, वाकडी. मी ती उचलून दिव्याखाली धरली आणि ढसाढसा रडले. तोवर दुसरी पडली.

आरोळी ऐकून शेजारची राजम कुंपणावरून डोकावली. "अय्यो, कोण आलं?"

"लेंडी आली!" आत्या ओरडली.

राजमने आमच्याबद्दल काय समज करून घेतला असेल तो असो. दुसऱ्या क्षणाला आत्या माझ्याकडे वळली. "तुझ्या जनावरापायी माझी वैकुंठ एकादशी फुकट गेली."

"आणि तुझ्या एकादशीपायी माझं जनावर जात होतं, त्याचं काय?"

ती आंघोळ करून आली, सकाळची गार भाजी आणि दहीभात खाल्ला, आणि झोपायला गेली.

पुढच्या एकादशीला मी रजाच टाकली. सकाळपासून पिंजऱ्यासमोर खुर्ची टाकून बसले, बघू कोण गवताला हात लावतं ते. आत्या परसातून आली, ओंजळभर दूर्वा त्याच्यापुढे टाकली आणि निघून गेली. मला वाटलं, चला, अक्कल आली.

एकादशीला दुपारी ती एक पेला कॉफी घेते. मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत, सत्तरी उलटली आहे, डॉक्टरनेच सांगितलंय की काहीतरी पोटात जाऊ दे. मी कॉफी करून पुढे ठेवली.

"नको," आत्या म्हणाली.

"का? माझ्या हातची चालत नाही का आता?"

"आजपासून कॉफी नाही. पाणीही नाही."

"हे काय नवीन?"

"त्याला एकादशी झेपत नाही ना? मग त्याची कोण धरणार?" पिंजऱ्याकडे हनुवटी करून ती म्हणाली. "घरचा आहे. घरच्याची एकादशी चुकवून कसं चालेल? त्याची मी धरते."

मी पेला आदळला, कॉफी सांडली. मग तोंड सुटलं ते काय विचारता. "अगं, तू मरशील! भोवळ येऊन पडशील कोठेतरी आणि मग लोक मला म्हणतील सुनेने मारलं! कोणी सांगितलं होतं तुला? त्या उंदराएवढ्या जनावराला वैकुंठात जायचंय का?"

"हळू बोल. तो खातोय."

पट्टू दूर्वा खात होता, कुरूकुरू, मान खाली घालून. मी पाय आपटत आत गेले, ताट वाढून घेतलं. एक घास घशाखाली उतरेल तर शपथ. ताट तसंच टाकून बाहेर आले आणि खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले.

"माझी एकादशीबिकादशी काही नाही," मी म्हणाले. "मला भूक नाही, एवढंच."

"तुला विचारलं कोणी?" आत्या म्हणाली.