घोट्यावरची जखम

"पाय कापायचाच असेल तर आत्ताच सांगा, सिस्टर. दुकान भावाच्या हवाली करून येतो," सलूनवाले काका दवाखान्यातल्या खुर्चीत टेकता टेकता म्हणाले.

सिस्टरांनी आधी पट्टी सोडली. डाव्या घोट्याच्या वर, आतल्या अंगाला तळहाताएवढी ओली जखम होती. भोवतीची कातडी काळवंडून टणक झालेली. चौदा महिने काकांनी तिच्यावर मिळेल ते मलम चोपडलं होतं. वासामुळे गिऱ्हाइकं तोंड फिरवायला लागली, तसे घरीही ते आपणहून वेगळे जेवायला बसू लागले होते.

पावलावर छोटं यंत्र टेकवून सिस्टर म्हणाल्या, "ऐका, ठोके कसे ठणठणीत आहेत! पायात रक्त नीट उतरतंय, वर चढताना अडतंय. तीस वर्षं एका जागी उभे राहिलात, शिरांच्या झडपा सैल पडल्या. घोट्याशी रक्त तुंबतं, म्हणून जखम भरत नाही."

"मग मलम?"

"मलमानं तुंबलेलं रक्त वर चढतं होय?"

बोटांपासून गुडघ्यापर्यंत त्यांनी घट्ट पट्टी बांधली. "ही जखम मी भरून दाखवते. फक्त पट्टी मी सोडणार, तुम्ही नाही."

पुढच्या आठवड्यात काका आले ते पट्टी खिशात घालून.

"फार आवळत होती हो."

"बोटं बधिर झाली? निळी पडली?"

"नाही."

"मग? अर्धी दाढी करून तुम्ही गिऱ्हाईक उठू देता का?"

काका ओशाळून हसले. त्यानंतर पट्टीला त्यांनी हात लावला नाही. उंच स्टुलावर बसून केस कापायला शिकले, सकाळ-संध्याकाळ चालू लागले, दुपारी पाय उशीवर ठेवून पडू लागले. दर आठवड्याला सिस्टर पारदर्शक कागदावर जखमेची कड आखून घेत. मधे तीन आठवडे ती रेघ हललीच नाही. सिस्टरांनी पट्टी नव्याने बांधली, आवाज मात्र तोच ठेवला. "भरणार."

पाचव्या महिन्यात आखायला काही उरलं नाही.

काकांनी त्या गुलाबी, चकचकीत कातडीवरून हलकेच बोट फिरवलं. "इथे केस येतील?"

"नाही यायचे."

"म्हणजे माझ्या कामाची जागा नाही," ते म्हणाले.

सिस्टरांनी घट्ट मोजा पुढे केला. "आता हा रोज, कायमचा. घालून देऊ?"

"राहू दे."

खाली वाकून, दम खात, एकेक सुरकुती सारखी करत काकांनी तो स्वतः गुडघ्यापर्यंत चढवला.