अहवाल न आलेले जिल्हे

आमच्या नियोजन मंडळात एक नियम आहे. जिल्ह्याचा पीक अहवाल ठरलेल्या तारखेला आला नाही, तर मागच्या वर्षीचा आकडा घ्यायचा, त्यात चार टक्के मिळवायचे आणि पुढे सरकायचं. नियम मुख्य सल्लागारांनी काढला, म्हणून पाठीमागे आम्ही त्यांना ‘चार टक्के’ म्हणतो. समोर अर्थातच साहेब. चारच का, असं विचारायची माझी अकरा वर्षांत हिंमत झाली नाही. खरं सांगायचं तर गरजही वाटली नाही.

पंचवार्षिक योजनेचा धान्याचा तक्ता माझ्याकडे असतो. तेवीस जिल्हे, प्रत्येकाचं उत्पादन, प्रत्येकाची गरज आणि शेवटच्या रकान्यात शिल्लक किंवा तूट. शिल्लक दिसेल तिथल्या सरकारी गोदामातून धान्य उचलायचं आणि तूट असेल तिथे, म्हणजे बहुतेक वेळा शहरांत, पोचवायचं. कागदावर हे इतकं देखणं दिसतं की परदेशी पाहुण्यांना आवर्जून दाखवतात.

शुक्रवारी सकाळी ताईचा फोन आला. ताई माझी थोरली बहीण. दूरच्या एका जिल्ह्यात सरकारी गोदामाची ती गोदामपाल आहे. कामाच्या वेळी ती कधी फोन करत नाही. तिच्या गोदामातलं चोवीस हजार टन धान्य सोमवारपासून उचलायचा हुकूम आला होता. ट्रक आदल्या दिवशीच फाटकापाशी लागले होते. यंदा तिकडच्या गव्हावर तांबेरा पडला, जेमतेम एक तृतीयांश पीक हाती आलं. गोदामात आहे तेवढ्याच धान्यावर जिल्ह्याला पुढचा हंगाम काढायचा होता. रिकाम्या पिशव्या घेऊन बायका सकाळपासून भिंतीला टेकून बसल्या होत्या.

“किल्ली माझ्याकडे आहे,” ताई म्हणाली. “सोमवारी मी कुलूप काढणार, ट्रक भरणार आणि ह्या बायका बघत बसणार. तू तिथे बसून करतोस तरी काय रे?”

मी काय करतो ते मला फाइल उघडल्यावर कळलं. तिच्या जिल्ह्याचा अहवाल आला होता. पूल वाहून गेल्यामुळे टपाल सहा आठवडे अडकलं आणि तारीख उलटून गेल्यावर ते माझ्या टेबलावर पडलं. त्यावर आवकेचा शिक्का होता, पाकीट फोडलेलं नव्हतं. उशिरा आलेली पाकिटं आम्ही फोडत नाही, पुढच्या वर्षीच्या गठ्ठ्यात टाकतो. आत आकडा होता पस्तीस हजार टन. तक्त्यात माझ्याच अक्षरात होते एकशे चार हजार. माझ्या सख्ख्या बहिणीचा जिल्हा, आणि तो आकडा भरताना मला तिची आठवणसुद्धा झाली नव्हती. मला माझीच किळस आली.

साहेबांकडे गेलो. ते वाईट माणूस नाहीत, हेच जास्त वाईट आहे. त्यांनी अहवाल दोनदा वाचला, चष्मा काढून डोळे चोळले. मग शांतपणे सांगितलं की देशाची एकूण बेरीज परवाच सभागृहात वाचून झाली आहे, टाळ्याही वाजल्या आहेत, आणि तक्ता आज चार वाजता छपाईला जाणार आहे. मी अक्षरशः हातापाया पडलो. बहीण तिथे आहे, तेही सांगून टाकलं. अकरा वर्षांत मी त्यांच्याकडे काही मागितलेलं नव्हतं.

त्यांनी अहवालाची घडी घालून तो माझ्या हातात परत दिला.

“बेरीज बदलणार नाही,” ते म्हणाले. “आत काय बदलायचं ते तू बदल. मी सही करतो.”

म्हणजे ताईच्या जिल्ह्यातून काढलेले एकोणसत्तर हजार टन मला दुसरीकडे कुठेतरी पिकवायचे होते, तेही चार वाजायच्या आत.

एकेक ओळ बघत गेलो. पहिल्या जिल्ह्याचा अहवाल वेळेवर आलेला, तिथल्या अधिकाऱ्याची सही असलेला. तिथे हात लावला तर तो कागद घेऊन दारात उभा राहील. दुसऱ्याचंही तसंच. एकोणीस जिल्ह्यांकडे भांडायला कागद होता. ताईचा जिल्हा सोडला तर उरले तीन. डोंगरातला एक, सीमेवरचा एक आणि नदीपलीकडचा एक. त्यांच्याकडून काहीच आलं नव्हतं. पीक बुडालं होतं की पोस्टमन आजारी होता, कोण सांगणार? तिथे काहीही लिहिलं तरी कुणी हूं की चूं करणार नव्हतं.

मी एकोणसत्तरला तीनने भागलं. प्रत्येकी तेवीस हजार. पूर्ण भाग गेला, बाकी उरली नाही, आणि मला चक्क बरं वाटलं. तिन्ही जिल्ह्यांत कसंबसं पुरेल एवढंच धान्य दिसत होतं, आता तिन्ही शिलकी झाले.

टायपिस्टबाई माझ्या शेजारच्या टेबलावर बसतात. माझ्या अक्षरातून अर्थ काढण्यात त्यांची हयात गेली. नवा तक्ता टाइप करताना त्या मध्येच थांबल्या.

“या तिघांकडून काही आलं का?” त्यांनी विचारलं.

मी नाही म्हटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता या काहीतरी बोलतील, मी उसळून उत्तर देईन आणि निदान भांडण तरी होईल. त्यांनी कार्बन नीट केला आणि पुढची ओळ घेतली. चार वाजायला दहा मिनिटं असताना साहेबांची सही झाली.

शनिवार-रविवार मी घरात कुणाशी धड बोललो नाही. बायकोने विचारलं तर तिच्यावर खेकसलो.

सोमवारी अकरा वाजता ताईचा फोन आला. हुकूम रद्द झाला होता. तिने कुलूप काढलं होतं, पण वाटपासाठी. बायका रांगेत होत्या. ती रडत होती आणि हसतही होती. लहानपणी मी पहिला आल्यावर म्हणायची तसं म्हणाली, “माझा भाऊ आहेस खरा.”

मग फोन ठेवता ठेवता तिने सहज विचारलं, “आणि ते ट्रक रे? रिकामेच पाठवले?”

“नाही, दुसऱ्या जिल्ह्यांत गेले.”

“तिकडे चांगलं पिकलंय ना पण?”

गोदामासमोर बसलेली माणसं काय असतात ते तिला ठाऊक होतं, म्हणून तिने विचारलं. इतक्या वर्षांत पिकाबद्दल असं मला कुणी विचारलंच नव्हतं.

“हो,” मी म्हटलं. “चांगलं पिकलंय.”